दोन स्वयंपाकघरांचे गाव

एलीम, पूर्वतीर
सोमवार, ४ ऑक्टोबर

प्रिय भगिनी ट्रीना हिस,

देवाची कृपा व शांती तुझ्या घरावर असो. हे पत्र सार्वजनिक कार्यासाठी आहे, कौटुंबिक समजू नये, एवढे आरंभीच स्पष्ट करतो. आपल्या दोन घरांमध्ये मारा नदी आणि तिच्यावरचा पूल एवढेच अंतर आहे. तरी टपालखात्याच्या रीतीने हे पत्र आधी सरोवराकाठच्या शहरात जाईल, तेथे शिक्का घेईल, आणि मग आपल्याच गावच्या लोइसच्या हातून तुझ्या पेटीत पडेल. इस्राएल लोकांनाही अकरा दिवसांच्या वाटेला चाळीस वर्षे लागली होती. आपण तक्रार करू नये.

वार्ता अशी आहे. विधानसभेचे मतदारसंघ नव्याने आखण्यासाठी राज्याने जी समिती नेमली आहे, तिचा कच्चा नकाशा शनिवारी प्रसिद्ध झाला. बर्टने तो धान्यकोठाराच्या भिंतीला चिकटवला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला, तरी दिसायचे ते बदलेना. नदीच्या मधोमध एक जाड निळी रेघ! आम्ही पूर्वतीरचे उत्तरेच्या जंगलपट्ट्याला जोडले गेलो आहोत आणि तुम्ही पश्चिमतीरचे सरोवराकाठच्या शहराला. अर्धे एलीम एका आमदाराचे, अर्धे दुसऱ्याचे.

ही रेघ आली कोठून, तेही ऐक. गेल्या हिवाळ्यात समितीने लोकांना कळवले होते की तुमचा समाज कोणता, त्याची हद्द तुम्हीच नकाशावर काढून पाठवा. आमच्या चर्चच्या मंडळीने आमच्यापुरती हद्द काढली. नदीपलीकडच्यांविषयी साक्ष देण्याचा आम्हांला अधिकार काय? शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देऊ नये अशी आज्ञा आहे, आणि न विचारता दिलेली साक्ष खोटीच्या फार जवळ राहते. तुमच्या मंडळीनेही नेमके तेच केले, आणि त्याच कारणासाठी. दोन्ही वर्तुळे नदीवर येऊन काठाला काठ लावून थांबली. समितीने बिचारीने काय समजावे? तिने आपल्या काटेकोर सचोटीच्या बरोबर मधून रेघ ओढली. साऱ्या राज्यात ही चूक करणारे दुसरे गाव सापडायचे नाही, आणि याचा मला थोडा अभिमानही वाटतो. तो प्रभूने क्षमा करावा.

परंतु पुलाचे काय? त्याच्या कमानीला तडा गेल्यापासून जड वाहनांना बंदी आहे. अग्निशामक गाडी पूर्वतीरला, आणि पश्चिमतीरला आग लागली तर ती हार्लन गावावरून वळसा घालून येते. ऑगस्टमध्ये तुमच्या तीरच्या क्लास शेतकऱ्याची कांद्याची वखार कशी गेली, ते तू तुझ्या अंगणातून पाहिले असशील. आजवर एक आमदार होता. त्याला दोन्ही काठांवरून धरता येत असे, आणि त्याने दुरुस्तीचा शब्दही दिला आहे. उद्या पुलाचे एक टोक एकाचे आणि दुसरे टोक दुसऱ्याचे झाले, तर प्रत्येक जण नम्रपणे पलीकडे बोट दाखवील, आणि पूल तेवढा मधल्या मध्ये पडेल.

सुनावणी हार्लनच्या शाळेत, गुरुवारी एकवीस तारखेला. प्रत्येकास दोन मिनिटे. पूर्वतीरच्या वतीने मी बोलेन. पश्चिमतीरच्या वतीने तू बोलावेस अशी विनंती आहे, कारण तिकडे तुझ्या शब्दाला वजन आहे. (असे लोइस सांगते. मला स्वतःला ठाऊक असण्याचा प्रश्न येत नाही.)

या वयाला न शोभणारा उत्साह मला चढला आहे. सकाळपासून तीन वेळा टोपी घातली आणि काढली.

तुझा बंधू,
हेसल डायकेमा
वडील (एल्डर), पूर्वतीर मंडळी. निवृत्त लॅटिन शिक्षक


एलीम, पूर्वतीर
सोमवार, ११ ऑक्टोबर

प्रिय भगिनी,

तुझे लेखी उत्तर नाही. तोंडी उत्तर मिळाले. लोइसने गाडी थांबवली आणि खिडकीतूनच सांगू लागली.

"सर, ट्रीनाबाईंनी पत्र वाचलं. पेटीपाशीच, उभ्याउभ्या."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, याचं अक्षर अजून तसंच आहे. कोंबडी कागदावरून चालत गेल्यासारखं."

"विषयाविषयी काय म्हणाली, लोइस?"

"सांगू? रागावणार नाही ना? म्हणाल्या, 'दोन मिनिटं देणार म्हणे! नऊ वर्षांपूर्वी याने तीन दिली होती, आणि तीसुद्धा पुरी बोलू दिली नाहीत.'"

"ती तीन मिनिटे पुरी झाली होती."

"ते मला नका सांगू, सर. मी टपाल वाहते. भांडणं वाहायचे पैसे मिळत नाहीत मला."

ट्रीना, मी विषयांतर करणार नाही. केवळ तथ्ये नोंदवतो. दोन्ही मंडळ्यांनी एक व्हावे, हा प्रस्ताव माझा होता. संयुक्त सभेचा अध्यक्षही मीच, म्हणून घंटा माझ्या हाती होती. वेळेची मर्यादा सभेनेच ठरवली होती. अॅनेट तर माझी पत्नी, तिच्यासाठीही मी घंटा वाजवली. प्रस्ताव पडला. जय तुमच्या बाजूचा झाला, मग राग तुला कशाचा, हे मला आजवर उमगले नाही. तुझे वाक्य "कारण ज्या दिवशी आपल्या घरात" येथे तुटले होते. पुढे काय होते, याची मला जिज्ञासा नाही. शब्द लक्षात राहिले, कारण शिक्षकाची स्मरणशक्ती ही एक व्याधी आहे.

लोइसने जाताना आणखी एक सांगितले: "पत्र मात्र त्यांनी फेकलं नाही हं. ॲप्रनच्या खिशात घातलं." ही वार्ता मी सार्वजनिक कार्याच्या दृष्टीने आशादायक मानतो.

तुझा बंधू,
हेसल डायकेमा


एलीम, पूर्वतीर
शनिवार, १६ ऑक्टोबर

प्रिय ट्रीना,

आज धान्यकोठाराच्या कचेरीत दोन्ही तीरांचे लोक एकत्र बसले. तू आली नव्हतीस. (खुर्ची ठेवली होती, बर्ट तिच्यावर बसू लागला, तेव्हा त्याला मी पोत्यांवर पाठवले.) वाटाण्याचे सूप होते, कॉफी होती, आणि कलह तर अखंड होता.

बर्टने आरंभ केला. अग्निशामक दलाचा तो प्रमुख झाला तरी वर्गातल्यासारखा हात वर करूनच बोलतो. "मित्रांनो, मुख्य मुद्दा आगीचा आहे."

"आगीचा काय मुद्दा?" क्लास म्हणाला. "तुझी गाडी आली तोवर वखारीच्या राखेत आम्ही बटाटे भाजून खाल्ले होते."

"हार्लनवरून आलो ना! पुलावर घातली असती, तर गाडीच विझवावी लागली असती, नदीतनं काढून."

"मग एक बटाटा तुझ्यासाठी ठेवला होता, तो कुणी खाल्ला?"

"तूच!"

"हो, मीच. थंड होत होता."

हे असे बराच वेळ चालले. शेवटी समितीसाठी संपूर्ण एलीमचे एकच वर्तुळ काढायचे ठरले. लोइसने नकाशावर केक भाजण्याची गोल थाळी पालथी घातली आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवली. दोन्ही प्रार्थनामंदिरे आत आली, दफनभूमी आत आली, क्लासची उरलीसुरली वखारही आत आली. सगळे इतके हर्षित झाले की कोणी तरी स्तोत्र सुरू केले. पूर्वतीरच्यांनी आपल्या चालीत, पश्चिमतीरच्यांनी आपल्या. दोन्ही चाली शेवटच्या ओळीत एकत्र येतात, हे माझ्या ध्यानात प्रथमच आले.

माझे भाषण सिद्ध आहे. प्रारंभी रोमचा भिंत ओलांडणारा भाऊ आणि त्याचा घात. मग हद्दीचे दगड हलवू नयेत हा शलमोनाचा उपदेश. आणि कळसाला यार्देन नदीची वेदी. तुला आठवते ना? बाबा शनिवारी संध्याकाळी वाचून दाखवत. अडीच वंशांना यार्देनेपलीकडे वतन मिळाले, आणि त्यांना भय वाटले की पुढे एखाद्या दिवशी अलीकडची मुले आपल्या मुलांना म्हणतील: देवाने ही नदीच हद्द ठरवली आहे, तुमचा आमचा संबंध काय? म्हणून त्यांनी नदीकाठी एक वेदी बांधली. होमासाठी नाही, यज्ञासाठी नाही. आपण एक आहोत, एवढी साक्ष राहावी म्हणून. ट्रीना, हजारो वर्षांपूर्वी हे कोणी तरी आपल्याच गावासाठी लिहून ठेवले आहे! हे सांगताना माझा आवाज चढला आणि कॉफी सांडली.

अंडी उकडण्याच्या घड्याळावर सराव करतो आहे. बर्ट ऐकायला बसला होता. म्हणाला, "सर, फार सुंदर आहे. पण दोन मिनिटांत तुम्ही अजून रोममध्येच असाल."

मी रोमला कात्री लावतो आहे. पण वेदी सोडणार नाही.

तू येशील का, हे विचारण्यासाठी हे पत्र नव्हे. तसे विचारायचे असते, तर मी विचारले असते.

बंधू,
हेसल


एलीम
शुक्रवार, २२ ऑक्टोबर

ट्रीना,

कालचे सारे तू पाहिलेस, मग लिहायचे कशाला, असे तू म्हणशील. परंतु तू समितीकडे तोंड करून उभी होतीस. तुझ्या पाठीमागे काय घडले, ते तुला दिसले नाही. ते सांगणारा कोणी तरी पाहिजे, आणि मी दुसऱ्या रांगेत होतो.

तू आत आलीस, तेव्हा मी कागदांत डोके घातले होते. मोहरीचा आणि उकडलेल्या हॅमचा वास आला, म्हणून वर पाहिले. समितीसाठी टोपलीभर बन! दारावरच्या शिपायाने "लाच चालत नाही, बाई" म्हटले, तेव्हा तू त्याला जे उत्तर दिलेस ते सभागृहभर ऐकू गेले. "लाच असती तर गरम आणली असती. हे थंड आहेत. खा." समितीच्या अध्यक्ष बाईंनीही तो बन खाल्ला आणि कागदावर मोहरी सांडली, हे तू पाहिले असशीलच.

मग तुझे नाव पुकारले. हिरवा दिवा लागला. तू सावकाश चालत गेलीस, आणि मला भीती वाटली की चालण्यातच मिनिट जाईल.

"मी ट्रीना फान्डरवाल. पश्चिमतीरचं स्वयंपाकघर सांभाळते. माझा भाऊ तुम्हांला यार्देन नदीच्या वेदीबद्दल सांगणार आहे. ते त्याच्यावर सोडते, त्याला ते येतं. मला फक्त जेवणाचं येतं. तुमच्या नकाशावर आमची दोन मंदिरं दोन समाज म्हणून दाखवली आहेत. नऊ वर्षांपूर्वी त्यांचं एक करावं म्हणून सभा झाली. मी विरोध केला. लोकांना वाटलं, हिला पलीकडची माणसं नकोत. तसं नव्हतं. मला दोन स्वयंपाकघरं हवी होती. का, ते सांगते. कारण ज्या दिवशी आपल्या घरात"

आणि लाल दिवा लागला.

अध्यक्ष बाई भल्या होत्या. "माफ करा, आपली वेळ झाली," एवढेच त्या म्हणाल्या. घंटाही नव्हती. पण तू मागे वळून पाहिले नाहीस, म्हणून सांगतो: त्या क्षणी आपल्या गावचे सगळे लोक तुझ्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होते. लोइस तर अशी पाहत होती, जणू टपालाचे तिकीट न लावलेले पाकीटच मी.

पुढचे नाव माझे होते. पुढे काय बोललो, तेवढे तू ऐकलेसच. पण मी ते कागद खुर्चीवर ठेवून उठलो, हे तुला दिसले नसेल. कात्री लावून लावून त्यात वेदी नेमकी दोन मिनिटांत बसवली होती.

"माझी वेळ यांना द्यावी," मी म्हणालो. "यांचे वाक्य अपुरे आहे."

"आपला यांच्याशी काय संबंध?"

"बहीण. नऊ वर्षे आम्ही बोलत नाही."

सभागृहात हशा पिकला. अध्यक्ष बाईंनाही हसू आवरेना. "आणि तरी वेळ देता?"

क्लास मागून ओरडला, "बाई, परक्याशी कुणी नऊ वर्षं अबोला धरतं का?"

बाईंनी ते लिहून घेतले. खरेच लिहून घेतले. मी पेन चालताना पाहिले.

मग दिवा पुन्हा हिरवा झाला, आणि तू ते वाक्य पुरे केलेस.

"कारण ज्या दिवशी आपल्या घरात मरण येतं, त्या दिवशी आपल्या माणसांनी चूल पेटवू नये. त्यांनी बसून रडावं. म्हणून पूर्वतीरला कुणी गेलं की आम्ही पूल ओलांडून जातो, त्यांचं स्वयंपाकघर ताब्यात घेतो, बन भरतो, कॉफी करतो, भांडी घासून जागच्या जागी लावतो. आमच्याकडे कुणी गेलं की ते येतात. दोन्ही मंदिरं एक झाली, तर त्या दिवशी सगळेच घरचे. मग पलीकडून येणार कोण? तुम्ही म्हणता, नदीच्या दोन बाजूंना दोन समाज आहेत. अहो, नदीच्या दोन बाजू आहेत म्हणूनच आम्ही एक गाव आहोत. पूल पडला तर नुसती आग विझवणारी गाडी नाही अडकणार. आम्ही अडकू."

आता तुझ्या पाठीमागचे ऐक. आधी आमच्या तीरची एक म्हातारी उभी राहिली, काठीवर भार देऊन. तिचे यजमान गेले तेव्हा तू तिच्या चुलीशी होतीस. मग क्लास उठला. त्याच्या मुलाच्या वेळी आमच्या बायका गेल्या होत्या. मग लोइस. मग एकेक करून, कोणी न सांगता, एका काठाचा आणि मग दुसऱ्या काठाचा. बर्ट बसून राहिला. त्याच्या घरात अजून कोणी गेलेले नाही, देवकृपेने, आणि आपल्याला उभे राहण्याचा अधिकार नाही, असे त्याला वाटले. त्याने टोपी तेवढी काढली. आपले लोक साक्षीच्या बाबतीत किती काटेकोर आहेत, ते पुन्हा दिसले.

मी तर आधीच उभा होतो, म्हणून माझे उभे राहणे कोणी मोजले नसेल. ते मोजावे. अॅनेटच्या दफनाच्या दिवशीच्या बनांत मोहरी अधिक होती. ती मला तशी आवडते, हे आता जगात एकाच बाईला ठाऊक आहे. अबोल्याच्या चौथ्या वर्षी तिने पूल ओलांडला, काम केले, आणि भांडी लावून परत गेली. मी ते बन खाल्ले होते. तुला कधी कळवले नव्हते.

हेसल


एलीम
सोमवार, १५ नोव्हेंबर

ट्रीना, ट्रीना!

रेघ हलली! नवा नकाशा शनिवारी सकाळी भिंतीवर लागला. निळी रेघ नदीतून उठली आणि दफनभूमी, कांद्याची शेते, क्लासची उरलीसुरली वखार ओलांडून पश्चिमेच्या कच्च्या रस्त्यावर जाऊन बसली. लोइसची थाळी जशी होती, तसेच्या तसे एलीम एका मतदारसंघात! सीमेची सूत्रे आपल्यासाठी रमणीय स्थळी पडली आहेत, हे दाविदाचे वचन मी मोठ्याने म्हटले, आणि बर्टने विचारले, "सर, हे लॅटिन का?" मी त्याला मिठी मारली. त्याला गाईंचा वास येत होता. मला काही वाटले नाही.

आमदारांचा फोन आला. पुलाची मोजणी बर्फ वितळताच होईल. ते इतके अजिजीने बोलत होते की दोन्ही काठ त्यांना अजून लागणार आहेत, हे ध्यानात आले. मी त्यांना दर सोमवारी फोन करीन, असे आश्वासन दिले.

समितीच्या अध्यक्ष बाईंचे एक पत्र आले आहे, तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. आभार वगैरे, आणि खाली स्वतःच्या हाताने: "आपल्या भगिनी यार्देनेच्या ज्या वेदीविषयी म्हणाल्या, ती कोणती? कोणी सांगितलेच नाही." मी उत्तर लिहिण्यास बसलो होतो. आठ पाने झाली आहेत. अजून रोमही आलेले नाही.

आणखी एक. आनंदाच्या भरात आमच्या तरुण पाळकांनी काल उपासनेनंतर प्रस्ताव मांडला: आता गाव एक राहिलेच आहे, तर दोन्ही मंडळ्याही एक कराव्यात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मूळ प्रस्ताव माझाच होता ना! मी उठलो आणि विरोध केला. कारण दिले ते तुझे, शब्दही तुझेच, आणि ते कोणाचे आहेत हेही सांगितले. मला ऐंशीवे लागले आहे, ट्रीना. माझ्या दिवशी पलीकडून कोणी तरी यायला हवे. प्रस्ताव पडला. पाळक गोंधळले आहेत. त्यांना तू समजाव.

हे पत्र टपालात टाकले, तर शहरात जाईल, शिक्का घेईल, फिरून येईल. मला तेवढा धीर नाही. पुलावर फलक आहे, जड वाहनांस बंदी. परंतु एक म्हातारा, त्याची टोपी आणि नऊ वर्षे एवढे ओझे ती कमान पेलील असा माझा अंदाज आहे. पेलले नाही, तर बर्ट जवळच आहे.

पत्र मी स्वतःच घेऊन येत आहे. वाचून झाले असेल, तर मी पायरीवर उभा आहे. दारावरची घंटा मी वाजवणार नाही. तुझे बोलणे चालू असेल, तर ते पुरे होऊ दे, मी थांबतो.

हेसल